दोघांमधला तिसरा

विज्ञान शाखेची पदवी घेतलेल्या माणसाचे पुढे काय होते, याची उत्तरे मराठी समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकली आहेत. बारावीला गुण चांगले पडले तर वैद्यक किंवा अभियांत्रिकी; ते हुकले तर बी.एस्सी., आणि बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., बी.एड., औषध कंपनीतील नोकरी अथवा स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. या यादीबाहेर जे घडते ते अपवाद म्हणून, कधी कौतुकाने तर कधी हळहळीने सांगितले जाते: अमका रसायनशास्त्र शिकून नाटकात गेला, तमकी वनस्पतिशास्त्र शिकून बँकेत लागली. विज्ञान सोडून दूर गेलेल्यांच्या या हकिकती रंजक असतात. परंतु विज्ञान न सोडता ज्या वाटांवर शेकडो पदवीधर मुकाट्याने चालत आहेत, त्या अधिक पाहण्याजोग्या आहेत, कारण त्या वाटांवरची माणसे संशोधकही नसतात आणि शिक्षकही नसतात, आणि त्यांच्या पदनामावरून ती नेमके काय करतात हे घरच्यांनाही धड सांगता येत नाही.

अशा व्यवसायांची पाहणी करू लागल्यावर त्यांच्यात एक साम्य आढळते. जिथे दोन पक्षांचे हितसंबंध एकमेकांच्या उलट आहेत, दोघांचा परस्परांवर विश्वास नाही आणि सगळा व्यवहार एखाद्या आकड्याशी किंवा निष्कर्षाशी अडलेला आहे, तिथे तो काढून देण्यासाठी तिसरा माणूस लागतो. ऊस उत्पादक आणि कारखाना, ग्राहक आणि सराफ, बागायतदार आणि परदेशी आयातदार, औषध कंपनी आणि रुग्ण, पोलीस आणि आरोपी अशा जोड्यांच्या मधोमध हा तिसरा माणूस बसलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा विज्ञानाचा पदवीधर असतो. ठरलेल्या पद्धतीने तपासणे, आढळलेले लिहिणे आणि लिहिलेल्याखाली सही करणे एवढेच त्याचे काम. पण त्या सहीवर कोणाचे पैसे, तर कोणाची सुटका अवलंबून असते.

उतारा

साखर कारखान्याच्या गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन शिमग्याच्या सुमारास आटोपणाऱ्या चार-पाच महिन्यांत, ऊस उत्पादकाचे उत्पन्न दोन आकड्यांवर ठरते. पहिला आकडा फाटकाजवळच्या वजनकाट्यावर निघतो आणि तो सर्वांना दिसतो. त्यावरून काटामारीचे आरोप होतात आणि आंदोलने उभी राहतात. दुसरा आकडा आतल्या प्रयोगशाळेत निघतो. त्याला उतारा म्हणतात, आणि उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या वजनाच्या मानाने मिळालेल्या साखरेची टक्केवारी. केंद्र सरकार उसाचा जो रास्त व किफायतशीर दर, म्हणजे बोलीभाषेतली एफआरपी, जाहीर करते तो उताऱ्याला बांधलेला असतो: २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपयांची वाढ. हा ०.१ टक्का कागदावर क्षुल्लक दिसतो. परंतु रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात त्याचा अर्थ दिवसाला १ लाख ७३ हजार रुपये असा होतो, आणि ती रक्कम शेतकऱ्याकडे जायची की कारखान्याकडे राहायची हा प्रश्न त्या प्रयोगशाळेतून निघणाऱ्या नोंदींवर सुटत असतो.

प्रयोगशाळेचे काम तीन पाळ्यांत चालते. गव्हाणीतून निघालेल्या उसाचा रस, साफ केलेला रस, पाक, चिपाड म्हणजे बगॅस, गाळणीवर उरलेला प्रेसमड आणि शेवटी राहणारी मळी या सर्वांचे नमुने ठरावीक अंतराने येत राहतात. रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण म्हणजे ब्रिक्स. ते काचेच्या तरंगत्या हायड्रोमीटरने किंवा अपवर्तनमापीने पाहतात. त्या घन पदार्थांत प्रत्यक्ष साखर किती, हे मात्र तरंगून कळत नाही. त्यासाठी रस निवळून, गाळून लांब नळीत भरतात आणि तिच्यातून एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश सोडतात. साखरेचा रेणू या प्रतलाला वळवतो आणि जितकी साखर अधिक तितके ते अधिक वळते. या मापाला पोल म्हणतात. पोलला ब्रिक्सने भागले की रसाची शुद्धता मिळते, आणि पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात एकदाच करून विसरलेला ध्रुवीकरणाचा प्रयोग येथे हंगामभर रोज अनेक वेळा करावा लागतो.

केमिस्टचे खरे कसब मात्र या मोजमापापेक्षा जमाखर्चात आहे. उसाबरोबर किती साखर आत आली, पोत्यांत किती भरली गेली आणि चिपाड, प्रेसमड, मळी यांच्याबरोबर किती बाहेर पडली यांचा मेळ बसला पाहिजे. बगॅसमध्ये साखरेचे प्रमाण वाढू लागले तर गिरणीचे रूळ नीट दाबत नाहीत किंवा पाण्याचा शिडकावा कमी पडतो आहे असे समजावे लागते, आणि ते अभियंत्याला सांगण्याचा प्रसंग अर्थातच गोड नसतो. अलीकडे मळीपासून आणि थेट पाकापासून इथेनॉल करण्याकडे कल वाढल्यामुळे हा मेळ अधिक नाजूक झाला आहे, कारण इथेनॉलकडे वळवलेली साखर पोत्यांत दिसत नाही, तरी ती उताऱ्याच्या हिशेबात मिळवावीच लागते. भरीस भर म्हणजे ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात आणि हंगामाचा उतारा हंगाम संपल्यावरच कळतो. म्हणून आदल्या हंगामाचा उतारा धरायची रीत होती. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये चालू हंगामाचा उतारा धरून दोन हप्त्यांत दर देण्याचा निर्णय काढला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. रसायनाच्या टेबलावरचा आकडा न्यायालयापर्यंत जातो तो असा.

प्रवरानगरला १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी कारखान्यामागून राज्यात कारखाने उभे राहत गेले तशी या कामासाठी माणसांची गरज वाढली. १९७५ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था रसायनशास्त्राच्या पदवीधरांना साखर आणि मद्यार्क तंत्रज्ञानाचे शिक्षण देते, आणि तेथून बाहेर पडलेली माणसे कोल्हापूर-सांगलीपासून थेट आफ्रिकेतील कारखान्यांपर्यंत पोहोचतात. फाटकावरच्या काट्यालाही त्याचा स्वतंत्र तिसरा माणूस आहे, तो म्हणजे वैधमापनशास्त्र निरीक्षक. २०११ च्या नियमांनुसार या पदासाठी पदार्थविज्ञान हा विषय घेतलेला विज्ञान पदवीधर, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाचा पदवीधर, अथवा तीन वर्षांचा अनुभव असलेला पदविकाधारक लागतो, आणि त्याला रांचीच्या भारतीय वैधमापनशास्त्र संस्थेत प्रशिक्षण घ्यावे लागते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे माप घेऊन उभा राहणारा, भाजीवाल्याच्या तराजूवर शिक्का मारणारा आणि कारखान्याचा काटा दर वर्षी तपासणारा अधिकारी हाच असतो. भौतिकीच्या वर्गात करिअरची चर्चा होते तेव्हा मात्र त्याचे नाव क्वचितच निघते.

मुशीतून तराजूवर

सोन्याच्या व्यवहारात असा त्रयस्थ बराच उशिरा आला. त्याआधी शुद्धतेचा निर्णय कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवर आणि ती पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलेला असे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी तालुक्यांतून बाहेर पडून देशभरच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचा धंदा करणारे मराठी गलाई व्यावसायिक हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले आहेत. भारतीय मानक ब्यूरोने २००० मध्ये सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क सुरू केला, तो १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळख असल्याखेरीज हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. या सक्तीमुळे जिल्ह्याजिल्ह्यांत तपासणी केंद्रे निघाली आणि त्यांना रसायनाचे पदवीधर हवे झाले.

केंद्रात आलेला दागिना प्रथम क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवतात. क्ष-किरण पडल्यावर प्रत्येक धातू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतो आणि त्यावरून मिश्रणाचा अंदाज येतो. पण हे यंत्र मुख्यतः पृष्ठभाग पाहते, त्यामुळे अंतिम निकाल आजही अग्निपरीक्षणानेच लागतो. दागिन्यातून काढलेला सोन्याचा किस अतिसंवेदनशील तराजूवर तोलून, त्यात सोन्याच्या अडीच-तीन पट चांदी मिसळून, तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र मुशीत ठेवून हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. शिसे वितळून त्याचे ऑक्साइड होते आणि तांब्यासारख्या हलक्या धातूंना सोबत घेऊन मुशीत जिरते. मागे सोने-चांदीचा चकचकीत मणी उरतो. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करतात, पट्टीची गुंडाळी करून नायट्रिक आम्लात उकळतात, चांदी विरघळून जाते आणि तपकिरी, ठिसूळ दिसणारे सोने उरते, जे पुन्हा तापवल्यावर आपल्या रंगावर येते. मूळ वजन आणि उरलेले वजन यांच्या गुणोत्तरात २२ कॅरटचा दागिना हजारात ९१६ भाग भरला पाहिजे. ही पद्धत शतकानुशतके जुनी आहे. तिच्यात विज्ञान पदवीधराने भर घातली ती शिस्तीची: प्रत्येक भट्टीबरोबर ज्ञात शुद्धतेच्या सोन्याचा तुकडा त्याच वाटेने पाठवायचा आणि त्यात जेवढी घटबढ होईल तेवढी दुरुस्ती इतर निकालांत करायची.

दहा कोटींत एक

नाशिक, सांगली, सोलापूर भागातील द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर जी धावपळ सुरू होते, तिच्यात फवारणीच्या वेळापत्रकाइतकेच महत्त्व ‘रेसिड्यू’ या शब्दाला आले आहे. औषधाचा जो अंश फळात उरतो तो म्हणजे रेसिड्यू, आणि त्याची कायदेशीर कमाल मर्यादा म्हणजे एमआरएल. ज्या औषधासाठी युरोपीय संघाने वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग, हीच मर्यादा लागते. २०१० च्या हंगामात हा आकडा महाराष्ट्राने भोगून पाहिला. वेलीची वाढ रोखून घडाकडे जोर वळवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या, बागायतदारांत लिहोसिन या नावाने परिचित असलेल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपच्या बंदरांत मर्यादेपेक्षा अधिक आढळला, कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही कर्जात गेले. तोपर्यंत येथील तपासणीच्या यादीत हे रसायन नव्हतेच. जे शोधायला सांगितलेले नाही ते सापडत नाही, हा विश्लेषण रसायनशास्त्राचा साधा नियम त्या वर्षी फार महाग पडला.

निर्यातीसाठी नोंदलेल्या प्लॉटमध्ये काढणीपूर्वी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः जाऊन नमुना घेतो, कारण मालकाने निवडून दिलेले घड हा नमुना नव्हे. ओळी चुकवत, वेलीच्या वरचे-खालचे, उन्हातले-सावलीतले घड घेऊन पिशवी मोहोरबंद होते. प्रयोगशाळेत फळ एकजीव वाटून त्यातील रसायने विद्रावकात उतरवतात, शर्करा आणि रंगद्रव्ये काढून टाकतात आणि उरलेले द्रावण अशा यंत्रात सोडतात की प्रथम रसायने वेगवेगळ्या वेळी बाहेर पडून एकमेकांपासून सुटी होतात आणि मग त्यांच्या रेणूंचे तुकडे करून त्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवली जाते. पुण्याचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या साखळीतील संदर्भ प्रयोगशाळा आहे आणि अपेडा या केंद्रीय कृषिनिर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीत प्रत्येक प्लॉटचा अहवाल जोडलेला असतो.

बागायतदाराच्या कानावर शेवटी दोनच शब्द पडतात, पास किंवा फेल. परंतु इतक्या सूक्ष्म पातळीवर युरोपीय मार्गदर्शिकाच निकालात ५० टक्क्यांपर्यंतची अनिश्चितता गृहीत धरतात, म्हणजे मर्यादेच्या काठावर उभा असलेला आकडा निर्विवाद सत्य नसून काळजीपूर्वक केलेला अंदाज असतो. फेल गेलेल्या प्लॉटच्या मालकाला हे फोनवर समजावून सांगणे हे या नोकरीतले सर्वांत अवघड काम होय, आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

दाव्यांचे वाचन

पेटंटच्या क्षेत्रात उपकरणे नसतात. असतात ती हजारो पानांची कागदपत्रे. नव्या शोधावर २० वर्षांची मक्तेदारी मागणाऱ्या अर्जात संरक्षण नेमके कशाला हवे हे ‘दाव्यां’च्या स्वरूपात मांडलेले असते, आणि ते दावे खरोखर नवे आहेत का, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्यासारखे तर नाहीत ना, हे तपासणारा परीक्षक विज्ञान-अभियांत्रिकीतून आलेला असतो. अर्जदाराच्या बाजूने बोलणारा पेटंट एजंटही तसाच. एजंटच्या परीक्षेला बसण्यासाठी पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. कायद्याची पदवी असण्याची अट नाही. कायद्याशी निगडित असलेल्या आणि विज्ञान पदवीधरासाठी थेट उघड्या असलेल्या या दाराची माहिती महाराष्ट्राच्या जिल्ह्याच्या महाविद्यालयांत फारशी पोहोचलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने लिखित पुरावे शोधून मांडल्यामुळे. घरोघरची माहिती तेथे पुरेशी नव्हती, छापील मजकूर हवा होता. भारतीय कायद्यातील कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाचे नवे रूप अधिक परिणामकारक नसेल तर त्याला पेटंट मिळत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात हेच कलम उचलून धरले. मार्च २०२३ मध्ये क्षयावरील बेडाक्विलिन या औषधाच्या क्षाररूपावरील पेटंटचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नाकारला. त्याला विरोध करणाऱ्यांत क्षयातून वाचलेल्या, परंतु उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या दोन स्त्रिया होत्या, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. क्षार बदलल्याने रेणूचा गुण बदलतो का, हा तेथील प्रश्न सेंद्रिय रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातला आहे. त्याच्या उत्तरावर गोळीची किंमत ठरत होती.

पगार कोणाचा

या सर्व व्यवसायांत एक अवघड गाठ आहे. तिसरा माणूस तटस्थ असावा अशी अपेक्षा असली तरी त्याचा पगार बहुधा दोघांपैकीच एकाकडून येतो: कारखान्याचा केमिस्ट कारखान्याचा नोकर असतो, हॉलमार्किंग केंद्राचे शुल्क सराफ भरतो, द्राक्षाच्या तपासणीचा खर्च माल विकणाऱ्याच्या बाजूचा असतो. ही अडचण जुनी आहे. बडोद्याच्या कलाभवनाशी निगडित असलेले आणि पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात शिकवणारे प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी मुंबईत खासगी टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली, तेव्हा अशा धंद्याला नावही नव्हते. चाफेकर बंधूंनी डांबर फासलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा स्वच्छ करून देणारे रसायनज्ञ ते हेच, आणि १९०७ मध्ये कोटिभास्कर व अमीन यांच्याबरोबर अलेम्बिक कंपनी उभारणाऱ्यांतही ते होते. डांबर कोणी फासले आणि का, याच्याशी त्यांच्या विद्रावकाला कर्तव्य नव्हते. मात्र काम कोणी दिले हे शहराला दिसतच होते.

आजची व्यवस्था या गाठीवर उपाय म्हणून मान्यता, अचानक तपासण्या आणि आंधळे नमुने वापरते, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना प्रयोगशाळेला न सांगता पाठवून तिची परीक्षा घेते. हे उपाय आवश्यक आहेत, पण माणूस घडतो तो त्याआधी, महाविद्यालयात. आणि तेथील प्रात्यक्षिकांची रीत नेमकी उलटी आहे. उत्तर किती यायला हवे हे विद्यार्थ्याला ठाऊक असते, सीनियरचे जर्नल जवळ असते, आणि आलेले वाचन जुळले नाही तर ते जुळवून लिहिल्यास पूर्ण गुण मिळतात, तर जसेच्या तसे लिहिल्यास प्रयोग पुन्हा करावा लागतो. तीन वर्षे जुळवाजुळवीचा सराव केलेल्या पदवीधराला नोकरीत पहिल्याच आठवड्यात सांगावे लागते की पेन्सिल वापरायची नाही, खोडायचे नाही, चूक झाली तर एक रेघ मारून सही करायची. औषध कंपन्यांनी ही शिस्त परदेशी तपासनीसांच्या धाकाने शिकली. महाविद्यालयांना असा धाक अद्याप भेटलेला नाही.

मोहोरबंद बरण्या

न्यायसहायक विज्ञानाच्या क्षेत्रात या शिस्तीची किंमत सर्वाधिक आहे. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कलिना येथे असून नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर अशा ठिकाणी त्याच्या शाखा आहेत. पोलीस ठाण्यात मात्र या सगळ्याला अजूनही ‘सीए’ म्हणतात, ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या ‘केमिकल अ‍ॅनालायझर’ या पदाच्या आद्याक्षरांवरून, आणि ‘सीए रिपोर्ट आला का’ हा प्रश्न तपास अधिकाऱ्यापासून मृताच्या नातेवाइकांपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो.

विषबाधेच्या संशयात शवविच्छेदनानंतर जठर, आतड्याचा भाग, यकृत, मूत्रपिंड हे अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि रक्त वेगळ्या बाटलीत ठेवून पाठवतात. यालाच व्हिसेरा म्हणतात. सोबत त्याच मिठाच्या द्रावणाची एक कोरी बाटलीही असते, कारण विष द्रावणातूनच आले नाही हे दाखवावे लागते. बरणीवरची लाखेची मोहोर आणि वेगळी पाठवलेली नमुना मोहोर जुळते का, हे पाहिल्याखेरीज मुद्देमाल स्वीकारला जात नाही, आणि झाकण उघडण्याआधीच सहायक रासायनिक विश्लेषकाची निम्मी नोंद झालेली असते. शेतीप्रधान जिल्ह्यांतून येणाऱ्या प्रकरणांत कीटकनाशकांचे प्रमाण मोठे असल्याने द्राक्षाच्या प्रयोगशाळेत जी रसायने शोधली जातात त्यांतली काही येथे यकृतात शोधावी लागतात.

सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो; ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या त्याच संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक होत आहे, आणि त्याच्या तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्यामुळे या क्षेत्रात पदवीधरांची मागणी वाढणार हे उघड आहे. ती कायम पदांनी भरली जाणार की कंत्राटी, यावर कामाचा दर्जा बराचसा अवलंबून राहील. बचाव पक्षाने आग्रह धरला की विश्लेषकाला न्यायालयात यावे लागते. तेथे वकील रसायनशास्त्र विचारत नाही; बरणी कोणत्या तारखेला आली, ती कोणाच्या ताब्यात होती, यंत्राची तपासणी शेवटी केव्हा झाली आणि कामाची मूळ नोंद कुठे आहे, हे विचारतो. कित्येकदा तेही विचारले जात नाही: दूरच्या जिल्ह्यातून समन्स येते, विश्लेषक पहाटेच्या गाडीने तालुक्याला पोहोचतो, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर थांबतो, आणि दुपारी एक पक्षकार गैरहजर असल्याने पुढची तारीख पडते.